धुक्यात बसायला शिकवलंत, मामा

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार.

तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेलच. पण चार लोकांदेखत आभार मानायचे होते, म्हणून उघड लिहितोय.

हरिश्चंद्रगडावरची ती ऑगस्टमधली संध्याकाळ. कोकणकड्यावरून मंदिराकडे परतताना आम्ही तिघं वाट चुकलो. हेडटॉर्च लावला तर डोळ्यांपुढे नुसती पांढरी भिंत. तेवढ्यात तुमची हाळी आली, "हायेत तिथंच बसा!" तुम्ही आलात ते बॅटरी गुडघ्याजवळ धरून. धुक्यात उजेड खाली धरला की पुढची दोन पावलं दिसतात, हे मला चाळिशीत कळलं.

रात्री तुमच्या छपरात, चुलीशी, पिठलं-भाकरी खाता खाता मी माझी नवी गोष्ट सांगितली. श्रावणातल्या रात्री एक मुलगा चांदण्यात कडा उतरतो, अशी. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलीत आणि विचारलंत, "भर पावसात चांदणं कुठून आणलं? आणि वाट चुकल्यावर ते पोरगं पळतं कशाला?"

ती पानं मी काढून टाकली आणि मुलाच्या जागी मुलगी आणली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला केदारेश्वराच्या गुहेत नेलंत. चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलेला, मधे शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी. फोटो बघून मी 'थंडगार पाणी' असं लिहून मोकळा झालो होतो. आत उतरल्यावर आधी घोटे दुखले, मग श्वास तुटायला लागला. आता माझ्या गोष्टीतल्या मुलीला त्या पाण्यात स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. शाळेत वाचून दाखवताना मुलं नेमकी तिथे चिडीचूप होतात. वाट चुकल्यावर ती पळत नाही, बसते, आणि मंगळगंगा नदीचा आवाज कुठून येतोय ते ऐकते. हे सगळं तुमचं आहे, मामा.

इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सनं १८३५ मध्ये इथल्या इंद्रवज्राबद्दल, म्हणजे गोल इंद्रधनुष्याबद्दल, लिहून ठेवलंय, ते मी वाचलं होतं. पण सूर्य पाठीशी आणि धुकं खाली दरीत हवं, म्हणून सकाळीच कड्यावर यायचं, हे तुम्ही हाताला धरून दाखवलंत. तेव्हा ते दिसलं नाही. गोष्टीतल्या मुलीलाही मी ते दाखवलेलं नाही, माझं बघून होईपर्यंत दाखवणारही नाही.

पुस्तक छापायला जाण्याआधी हस्तलिखित घेऊन गडाच्या पायथ्याशी, पाचनईला येतोय. चुलीशी बसून पुन्हा एकदा सगळं ऐका. खोटं वाटेल तिथे थांबवा.

तुमचा,
धुक्यात सापडलेला भाचा