नाव दोन बांबू मागे घेणाऱ्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

उजनी धरणाच्या भिगवणजवळच्या पाण्यावर त्या सकाळी तुम्ही जे केलंत, त्याचे आभार नावेतच मानायला हवे होते. तेव्हा शब्द सुचले नाहीत, म्हणून हे उघड पत्र.

गडकिल्ले हिंडणाऱ्यांच्या कॅमेऱ्याला बहुधा १८-५५ ची लेन्स असते. तिच्यात बुरूज आणि धुकं छान येतं, पक्षी मात्र ठिपक्याएवढा. मग लांबचं जवळ आणणारी १५०-६०० येते, पण डोंगरातली पुढे-पुढे जायची सवय पाण्यावरही सुटत नाही. आधीच्या एका नावाड्यानं तर उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, थव्यात थेट मोटार घातली होती. मिळाले ते पाठमोरे पक्षी. रोहिताला उडण्याआधी पाण्यावर धावावं लागतं. खाणं अर्धवट सुटतं, ताकद वाया जाते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही लांबूनच मोटार बंद केलीत. ऊन पाठीशी घेतलंत आणि वाराही, कारण मोठे पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उडतात. बांबू गाळात रोवत नाव सरकवत असताना थव्यातल्या चार-पाच माना वर झाल्या. चोच उलटी बुडवून खाणारा पक्षी मान ताठ करतो, तेव्हा तो आपल्याला जोखत असतो. आमची बोटं बटणावर होती. तुम्ही हात वर केलात आणि नाव दोन बांबू मागे घेतलीत. काही न बोलता. थोड्या वेळानं माना पुन्हा पाण्यात गेल्या. हे पत्र त्या दोन बांबूंसाठी आहे.

पुढचं सगळं त्यामुळे जमलं. नावेत तिपाई उघडण्यात अर्थ नसतो, प्रत्येक हेलकावा कॅमेऱ्यात उतरतो. दीड-दोन किलो तांदळाची पिशवी काठावर ठेवून लेन्स तिच्यावर टेकवली की नजर पाण्यालगत येते आणि मागचा किनारा विरघळतो. खाणाऱ्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंद, उडत्याला १/२०००. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८०० वर गेला तरी चालतो, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. गडद पाण्यावर पांढरी पिसं फोटोत जळतात, नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) २/३ स्टॉप कमी. आणि उजनी तुडुंब असताना रोहितांची घाई करू नये. पाणी ओसरून उथळ गाळ उघडा पडला की ते उतरतात.

तेवढ्या वेळात तुमची आणखी एक फेरी झाली असती. जास्तीचे पैसे देऊ केले, तेही तुम्ही घेतले नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसानं पाखराच्या पोटाचा विचार करावा, याहून मोठं माणूसपण आम्हाला कुठल्या गडावर भेटलेलं नाही.

सोबत एक छापील फोटो पाठवतो आहोत. ओलाव्यानं खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट केला आहे. त्यात एकाही रोहिताची मान वर नाही.

तुमचे,
त्या सकाळचे भटके