लॉजच्या काउंटरवर आधारची झेरॉक्स नको : नाशिकच्या पोलीस आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
नाशिक शहर

विषय : लॉज, हॉटेल, धर्मशाळांनी आधारची झेरॉक्स न ठेवता क्यूआर तपासून नोंद घेण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्या दिवसांत पंचवटी, सीबीएस, नाशिकरोड, त्र्यंबक, कुठेही खोली रिकामी मिळणार नाही. आणि जितकी माणसं उतरतील तितक्या आधारच्या झेरॉक्स काउंटरमागे साचतील. ही पद्धत बंद करणारा एक लेखी आदेश आपण काढावा, एवढी एकच विनंती आहे.

काउंटरवर काय होतं ते बघा. झेरॉक्सचं मशीन बंद असलं की तिथला मुलगा स्वतःच्या मोबाइलवर कार्डाचा पुढून-मागून फोटो काढतो, नाहीतर "व्हॉट्सॲप करा" म्हणून नंबर देतो. फोटो गॅलरीत पडतो, बॅकअप चालू असेल तर त्याच्या खासगी खात्यावरही चढतो. सहा महिन्यांनी मुलगा नोकरी सोडतो, तेव्हा शेकडो अनोळखी कुटुंबांची कार्डं त्याच्या खिशातून बाहेर जातात. कागदी झेरॉक्स बॉक्स फाइलमध्ये, फाइल भरली की पोत्यात, पोतं जिन्याखाली आणि शेवटी रद्दीत. लॉजमालकाच्या मनात काही वाईट नसतं. "पोलीस विचारतात" एवढं त्याने ऐकलेलं असतं, म्हणून मिळेल ते ठेवून देतो.

पण तपासाला हे गठ्ठे उपयोगी पडत नाहीत. झेरॉक्स खरी की खोटी, हे नुसतं बघून कळत नाही. ज्याला लपायचंय तो दुसऱ्याच्या कार्डावर आपला फोटो बसवून प्रिंट काढतो. खरी झेरॉक्स देतो तो साधा भाविक, आणि जोखीम त्याच्याच गळ्यात पडते.

ही जोखीम काल्पनिक नाही. आधारवरून पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढं पुरतं. ओटीपी लागत नाही. खरेदीखतासारख्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. म्हणजे पूर्ण बारा अंक उघडे पडले की चोराचं निम्मं काम झालं. गावाकडचे ज्येष्ठ यात पहिले सापडतात, आणि सिंहस्थाला येणाऱ्यांत तेच मोठ्या संख्येने असतात.

उपाय कार्डावरच छापलेला आहे. आधारच्या सुरक्षित क्यूआरमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो असतो, क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक असतात, आणि सगळ्यावर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची (यूआयडीएआय) डिजिटल सही असते. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं तर नुसती आकड्यांची लांबलचक ओळ दिसते, म्हणून लॉजवाले "चालत नाही" म्हणून सोडून देतात. प्राधिकरणाचं मोफत क्यूआर स्कॅनर ॲप वापरायचं. सही जुळली की फोटो पडद्यावर येतो. तो समोरच्या माणसाशी ताडून बघायचा, झालं. बनावट कार्ड इथेच अडकतं.

अडचणी येतात, त्याही सांगायला हव्यात. लॅमिनेशनवर दिवा चमकला तर क्यूआर वाचला जात नाही, कार्ड थोडं तिरकं धरावं लागतं. लहान छापलेला क्यूआर हलक्या मोबाइलला पेलत नाही. आणि अगदी जुन्या कार्डांवरच्या क्यूआरमध्ये फोटोही नाही, सहीही नाही. अशा वेळी मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना बघावा, पण झेरॉक्सकडे वळू नये.

कायदाही याच बाजूचा आहे. आधार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ८अ सांगतं की ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने, म्हणजे आधारच्या सर्व्हरला न विचारता कार्ड किंवा क्यूआरवरून ओळख तपासणाऱ्याने, आधार क्रमांक गोळा करायचा नाही, वापरायचा नाही, साठवायचा नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७. पहिल्या अमृतस्नानाच्या सुमारे अडीच महिने आधी. २७ मे २०२२ ला बेंगळुरूच्या आधार कार्यालयाने झेरॉक्स देऊ नका असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. तेव्हापासून लोकांचा गोंधळ आहे तो आहेच. तो मिटवायला स्थानिक आदेशच लागेल.

आदेश एका पानाचा पुरे. रजिस्टरमध्ये नाव, गाव, मोबाइल, गाडी नंबर, येण्या-जाण्याची वेळ, ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार अंक लिहावेत. समोर "क्यूआर तपासला" अशी खूण आणि तपासणाऱ्याची सही. खासगी मोबाइलवर कार्डाचा फोटो काढायला स्पष्ट मनाई. मास्क्ड आधार, म्हणजे पहिले आठ अंक झाकलेली प्रत, कुणीही नाकारू नये. तिच्यावरही तोच क्यूआर असतो. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत कळवण्याची पद्धत आहे तशीच राहू द्या. रजिस्टर किती दिवस जपायचं तेही आकड्यात लिहा, कारण मुदत नसली की माणूस सगळंच जपतो.

त्र्यंबकेश्वर ग्रामीण पोलिसांकडे येतं. त्यामुळे पोलीस अधीक्षकांशी बोलून दोन्हीकडे एकच मजकूर लागू व्हावा. यात्रेकरू रामकुंडावर स्नान करून दुपारी त्र्यंबकला जातो, त्याला दोन नियम कशाला?

आदेश निघेपर्यंत ज्यांना झेरॉक्स द्यावीच लागते त्यांनी तिच्यावर मधोमध, छपाईला छेदून, लॉजचं नाव, तारीख आणि "फक्त मुक्कामासाठी" असं लिहून सही करावी. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. आणि बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारसाठी आपल्या बोटाचा ठसा चालू नये अशी सोय, आजच लावून घ्यावं. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ते मोफत लागतं, हवं तेव्हा उघडताही येतं.

शेवटी जिन्याखालची पोती. ती रद्दीवाल्याला किंवा घंटागाडीत जाऊ देऊ नका. आदेशानंतर तीस दिवसांत प्रत्येक लॉजने जुन्या झेरॉक्स श्रेडरमध्ये बारीक करून तसं लेखी आपल्या पोलीस ठाण्यात द्यावं. लहान धर्मशाळांकडे श्रेडर नसतो, त्यांच्यासाठी ठाण्यातच एक ठेवावा.

आपला नम्र,
माहिती सुरक्षेचं काम करणारा एक नाशिककर