बेघर विद्यार्थ्याने पालकांची सही आणायची कोठून?

संपादक महोदय,

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बेघरपणाची चर्चा फारशी होत नाही, कारण असा विद्यार्थी सहसा पदपथावर दिसत नाही. आज मित्राच्या खोलीवर, उद्या एखाद्या नातेवाइकाकडे, कधी रात्रभर उघड्या असणाऱ्या अभ्यासिकेत तो दिवस काढतो आणि सकाळी वर्गात इतरांसारखाच येऊन बसतो. अमेरिकेच्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याने शालेय मुलांपुरते का होईना, घर गमावल्यामुळे दुसऱ्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्यांनाही बेघर मानले आहे. महाविद्यालयांनीही तसेच मानले पाहिजे.

माझा मुख्य आक्षेप मदतीच्या अटींवर आहे. ज्याचे घर सुटले, त्याच्याकडेच कायमच्या पत्त्याचा पुरावा, पालकांच्या उत्पन्नाचा दाखला आणि त्यांची सही मागितली जाते. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या मुलीने किंवा वय उलटले म्हणून बालगृहातून बाहेर पडाव्या लागलेल्या मुलाने हे कागद कोठून आणावेत? पालकांविना राहणाऱ्या बेघर तरुणांना सरकारी अर्थसाहाय्यासाठी स्वतंत्र विद्यार्थी मानावे, अशी तरतूद अमेरिकेने २००७ साली केली. बेघर असल्याची खातरजमा तेथेही होतेच. मात्र पालकांच्या उत्पन्नाचा तपशील द्यावा लागत नाही.

कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये आणखी दोन कायदे केले. एकाने अशा विद्यार्थ्यांसाठी अर्थसाहाय्य किंवा अन्य योग्य विभागात संपर्क कर्मचारी नेमण्याची, तर दुसऱ्याने सामुदायिक महाविद्यालयांतील (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सरकारी महाविद्यालयांतील) स्नानगृहे त्यांना वापरू देण्याची तरतूद केली. स्नानगृहासाठी कायदा कशाला, असे कोणी म्हणेल. पण अंघोळ न करता वर्गात बसण्याच्या संकोचाने तास बुडू लागले, की हजेरी घटते आणि हजेरीच्या अटीवर मिळणारी शिष्यवृत्तीही हातची जाते. पहिली तरतूद तर मला त्याहून मोलाची वाटते, कारण आपली अडचण प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगण्याची नामुष्की टाळण्यासाठीच कित्येक जण मदत मागत नाहीत.

सुट्टीत वसतिगृहे रिकामी करून घेण्याची पद्धतही याच संदर्भात तपासायला हवी. परत जायला घरच नसलेल्यांसाठी निदान एक मजला तरी उघडा ठेवता येईल. खोलीची अनामत भरण्यापुरता तातडीचा निधी महाविद्यालयाकडे असावा, आणि तो प्राचार्यांच्या किंवा संपर्क कर्मचाऱ्याच्या लेखी शिफारशीवर, पालकांच्या सहीची वाट न पाहता, त्याच आठवड्यात मिळावा.

– एक निवृत्त प्राध्यापिका