माती परीक्षणवाल्या ताई, तुमचे जाहीर आभार

ताई नमस्कार, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, पण आभार चारचौघांतच मानायचेत, कारण तुम्ही आमच्या बांधावर बसून जे समजावलं ते येवला, चांदवड, निफाडकडच्या प्रत्येक कांदेवाल्याच्या कामाचं आहे.

आमच्या घरात दरवर्षी उन्हाळ कांद्याच्या लागणीआधी एकच वाद. आण्णा म्हणणार शेणखत टाका, बाकी काही नको, आणि धाकटा भाऊ म्हणणार युरियाशिवाय कांदा फुगतच नाही. तुम्ही दोघांनाही खोटं पाडलं नाही. रिपोर्ट घेऊन बसलात आणि एकेक ओळ वाचून दाखवली, सामू (pH) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के म्हणजे कमी, स्फुरद (फॉस्फरस) कमी, गंधक कमी, पालाश (पोटॅश) भरपूर. रिपोर्ट तर सगळ्यांनाच मिळतो हो, पुढे त्याचं करायचं काय हे कोण सांगतं?

आण्णांना करून दाखवलेला हिशोब अजून पाठ आहे. चांगलं कुजलेलं शेणखत एक टन घेतलं तर त्यात नत्र (नायट्रोजन) साधारण 5 किलो, आणि तेही सगळं त्याच हंगामात पिकाला मिळत नाही, जमिनीतले जिवाणू ते हळूहळू मोकळं करतात, त्यात आपली लागण डिसेंबर-जानेवारीची, थंडीत जिवाणूंचं काम मंदावतं आणि रोपाला तर नत्र तेव्हाच पाहिजे असतं. म्हणून सुरुवातीला युरिया लागतोच. पण शेणखत सोडायचं नाही, कर्ब वाढवणं, माती भुसभुशीत ठेवणं, ओल धरून ठेवणं हे काम युरियाची गोणी करत नाही. आणि काडीकचऱ्याचं अर्धकच्चं खत अजिबात टाकू नका म्हणालात ते तर लाख मोलाचं, त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते, तण येतं, वर ते कुजताना जिवाणू जमिनीतलंच नत्र खातात आणि रोपं पिवळी पडतात.

मग भावाकडे वळलात. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र जवळपास 21 किलो, कांद्याला शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश 100:50:50 किलो, म्हणजे एकराला नत्र 40 किलो, दोन गोण्यांत काम भागतं. अर्धं लागणीला, उरलेलं 30 आणि 45 दिवसांनी, आणि 60 दिवसांनंतर युरियाला हात लावायचा नाही. उशिरा नत्र दिलं की पात हिरवीगार राहते, बघायला झकास, पण मान जाड होते, कांदा तयार झाला की माना पडतात त्या वेळेवर पडत नाहीत, जाड मान नीट सुकत नाही आणि साठवणीच्या चाळीत सड तिथूनच सुरू होते, कोंबही लवकर येतात. भाऊ तेव्हापासून गप्प ऐकत होता.

डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या हाही सल्ला तुमचाच. एकरी अडीच गोण्यांत 20 किलो स्फुरद येतं आणि सोबत 13-14 किलो गंधक, जे डीएपीत नसतं. कांद्याचा तिखटपणा, तो डोळ्यात पाणी आणणारा वास, सगळा गंधकाच्या जोरावर असतो हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. पालाश मातीत आहे म्हणून तेही अर्ध्यावर आणायला लावलंत.

आण्णांना सगळ्यात पटलं ते अकोल्याचं. तिथल्या कृषी विद्यापीठात 1988 पासून त्याच त्या प्लॉटवर ज्वारी-गहू घेतायत, ज्याला नुसतं नत्र दिलं तो मागे पडत गेला आणि ज्याला शिफारशीचं एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) आणि शेणखत दोन्ही मिळालं तो पुढे राहिला. इतकी वर्षं एकाच रानात बघितलेली गोष्ट आहे म्हटल्यावर आण्णा म्हणाले, मग बरोबर असंल.

उत्पन्न दुप्पट झालं वगैरे मी लिहिणार नाही, वजन थोडंसंच वाढलं. फरक पडला तो चाळीत. माना वेळेवर पडल्या, पत्ती घट्ट, कांदा कडक, आणि पावसाळ्यात बाया निवडायला बसल्या तेव्हा सडका माल आधीच्या मानाने खूपच कमी निघाला. ज्या माणसाला भाव येईपर्यंत थांबायचंय त्याच्यासाठी हेच उत्पन्न आहे ताई, शेतात काय मोजलं त्यापेक्षा लासलगावच्या बाजारात काय पोचलं ते खरं. खर्चही उतरला, दुकानातली ती टॉनिकची यादी पण बंद झाली.

यंदा वस्तीवरच्या बाकीच्यांनीही माती काढायची ठरवलंय, तुम्ही दाखवलं तसं व्ही आकाराचा खड्डा करून, उकिरड्याची आणि बांधाजवळची जागा सोडून, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरेपर्यंत. पिशव्या घेऊन येतोच आहोत. आणि आण्णांचा निरोप आहे, यावेळी चहावर भागणार नाही, जेवायलाच यायचं.

तुमचा,
येवला तालुक्यातला एक कांदेवाला