संजूला पत्र: पोरांच्या हातात काय द्यायचं

वाई

प्रिय संजू,

तुझा निरोप मिळाला. सोसायटीच्या गणपतीत पहिली ते चौथीच्या पोरांचा अर्धा तास मंडळाने तुझ्या गळ्यात मारलाय आणि तुला माझ्याकडून ‘रोजच्या वस्तूंच्या पन्नास गमती’ हव्यात. पन्नास पाठवत नाही. अर्ध्या तासात पाच-सहा नीट झाल्या तरी खूप झालं.

तू नमुन्याला पाठवलेली यादी वाचली. चंद्रावरून दिसणारी चीनची भिंत आधी काढून टाक, ती तिथून दिसत नाही. देवमाशाच्या हृदयाचं वजनही काढ. ते खरं असेल, पण सात वर्षांच्या पोराला दोनशे किलो सांग नाहीतर दोन हजार, ते तोंड उघडून ‘हो’ म्हणतं आणि शेजारच्याला चिमटा काढतं. शाळेत माझा एकच नियम आहे. जी गोष्ट पोर तिथल्या तिथे करून बघू शकतं, जमलं तर मला खोटं पाडू शकतं, तीच सांगायची. एकदा का गुरुजींना खोटं पाडायची संधी दिसली, की मागच्या रांगेतलेसुद्धा पुढे सरकतात.

सुरुवात रद्दीने कर. प्रत्येकाला वर्तमानपत्राचं एकेक पान दे आणि म्हण, दहा वेळा अर्ध्यात दुमडून दाखवा. सहा-सात घड्यांनंतर सगळे अडकतात. मग थर मोजायला लाव: दोन, चार, आठ, सोळा… सातव्या घडीला १२८ होतात. चौथीची पोरं हे तोंडी करतात. कुणीतरी विचारेलच, ‘मोठा कागद घेतला तर?’ तेव्हा ब्रिटनी गॅलिव्हनची गोष्ट सांग. कॅलिफोर्नियातल्या या शाळकरी मुलीने आधी गणित मांडलं, किती घड्यांना किती लांब कागद लागेल ते काढलं, आणि २००२ साली सुमारे १२०० मीटर लांबीचा टॉयलेट पेपर १२ वेळा दुमडला. टॉयलेट पेपर म्हटलं की पाच मिनिटं हसण्यात जातील, तेवढी धरून चाल. तोच रद्दीचा पेपर मग उभा फाडायला सांग, नंतर आडवा. एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, कारण कागद बनताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेने बसतात.

नोटांना जरा जास्त वेळ दे. आधी विचार, नोट कशाची असते? ‘कागदाची’ असा एकच गजर होईल. आपली नोट कापसाच्या तंतूंपासून बनते, म्हणून शर्टाच्या खिशात राहून धुतली गेली तरी तिचा लगदा होत नाही. वीसची नवी, हिरवट पिवळी नोट उलटी करून दाखव, मागे वेरूळची लेणी आहेत. दहाच्या नोटेवर कोणार्क, पन्नासच्या नोटेवर हंपी. मग भाषा मोजायला लाव. मागच्या पट्टीत १५, शिवाय हिंदी आणि इंग्रजी, म्हणजे १७. पट्टीतली मराठी कोण आधी शोधतं बघ. तुमच्या सोसायटीत तमिळ, गुजराती, कन्नड घरंही आहेत ना? त्यांच्या पोरांना आपापली ओळ वाचून दाखवू दे. आता खरी गंमत. एकाचे डोळे बांध आणि हातात शंभर किंवा पाचशेची नोट दे, पण कोरी हवी, चुरगळलेल्या नोटेवर काही लागत नाही. डाव्या-उजव्या कडांना उठावाच्या तिरक्या रेघा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच. दोनशेच्या नोटेवर चार रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन गोल. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे, हे पोरांना बोटाने कळू दे, मग तू सांग. नोटा परत मोजून घे, एवढं मात्र विसरू नकोस!

आता श्रावणातलाच विषय. साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणे, हिरवी मिरची, बटाटा, हे चारही मुळात अमेरिका खंडातले. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर ते जगभर पसरले. त्याआधी आपल्याकडच्या कुठल्याही उपासाला ही खिचडी असणं शक्यच नव्हतं. तिच्यातलं जिरं आणि तूप तेवढं जुनं. मागच्या खुर्च्यांवरच्या आज्या यावर भांडतील. भांडू दे, पोरांना तेच आवडतं. फक्त उपास मोडला का, या वादात तू पडू नकोस.

शेंगदाण्यावरून आठवलं. तुझ्याकडची पोरं सांगतील की शेंगा मुळांना लागतात. फूल येतं जमिनीच्या वर, पिवळं, इवलंसं. ते फळलं की त्याच्या बुडाशी दांडा फुटतो आणि तो खाली वाकून मातीत शिरतो. आमच्याकडे त्याला आऱ्या सुटणं म्हणतात. शेंग तयार होते ती त्या आरीच्या टोकाला, मातीत. हे नुसतं सांगून पटत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. गणपतीपर्यंत आमच्या शिवारात आऱ्या सुटलेल्या असतील. एक झाड मुळासकट उपटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने पाठवू का? कळव.

पेन्सिलीचं थोडक्यात उरक. तिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक. रबराने पेन्सिल खोडता येते हे जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७० मध्ये लिहून ठेवलं, त्याआधी पावाचा मऊ गोळा वापरायचे. पाव घेऊन जा, खोडून बघू दे. उरलेला कोण खातं ते लगेच कळेल. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात येते, हे जाता जाता.

बिस्किटपुड्याचा बारकोड ८९० ने सुरू झाला की माल भारतात बनला, असं फिरत असतं. ते सांगू नकोस. तो क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतलाय, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठे बनला ते पुड्यावर वेगळं छापलेलं असतं, ते पोरांना शोधायला लाव.

बोटं मोडणारं एखादं पोर असतंच. त्याला डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरची गोष्ट सांग. बोटं मोडलीस तर सांधे दुखतील, असं आई आणि मावश्या बजावायच्या, म्हणून पठ्ठ्याने साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाहीत. दोन्ही हातांत फरक पडला नाही. २००९ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. आया वैतागतील, पण एका माणसाने साठ वर्षं स्वतःवर प्रयोग केला हे पोरांना भयंकर आवडतं.

हळद शेवटी, कारण नंतर सगळ्यांचे हात धुवावे लागतील. पांढऱ्या सुती फडक्यावर ओली हळद चोळून वाळवून ने. विचार, साबण लावला तर काय होईल? ‘स्वच्छ!’ कपड्याच्या साबणाची ओली वडी फिरव, डाग लाल होतो. वर लिंबू पिळ, परत पिवळा. हळदीतलं पिवळं द्रव्य अल्कलीत लाल होतं आणि आंबट लागलं की पूर्ववत. हात धुवायचा पातळ साबण नेऊ नकोस, त्यातल्या काहींनी रंग बदलत नाही आणि तुझी फजिती होईल. पारंपरिक कुंकवाचा लाल रंगही हळद आणि चुन्यातूनच येतो, तेव्हा पूजेचं ताट शेजारी ठेवलंस तर दाखवायला बरं.

आणि बक्षिसांची प्रश्नमंजूषा ठेवू नकोस. दर वर्षी तीच दोन पोरं जिंकतात आणि बाकीची खिडकीबाहेर बघतात.

झाडाचं लवकर कळव, एसटीत सामान घेणारा ओळखीचा कंडक्टर रोज नसतो. वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
दिल्या