शनिवारची बैठक: काम बदलताना, आणि लहान-मोठ्या सहकाऱ्यांसोबत

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ ते ७, नेहमीच्याच सभागृहात बसायचं आहे. विषय दोन, पण एकमेकांत गुंतलेले: नोकरी किंवा क्षेत्र बदलणं, आणि वयाने वीस-वीस वर्षं पुढे-मागे असलेल्यांसोबत काम करणं. पन्नाशीत नव्या क्षेत्रात गेलं की साहेब बहुधा आपल्याहून लहान असतो. मग अरे-तुरे की अहो-जाहो, इथूनच अडखळायला होतं.

– बायोडेटाची एक प्रत आणा. नुसती पदांची यादी नको. प्रत्येक नोकरीत नेमकं काय केलंत ते एका ओळीत लिहा. ‘समन्वय साधला’ यातून काही कळत नाही. ‘तीन शाखांचा साठा एका तक्त्यात आणला’ हे कळतं.
– जोड्या लावणार आहोत: एक तिशीच्या आतला, एक पन्नाशीपुढचा. शिकवायचं दोघांनीही. (१९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकायला तरुण सहकाऱ्यांकडेच बसवलं होतं. तेव्हा ज्येष्ठांनी कमीपणा मानू नये.)
– ‘आमच्या वेळी’ आणि ‘तुम्हाला नाही कळणार’ ही दोन वाक्यं दाराबाहेर.

नावं गुरुवारपर्यंत गटावर कळवा. जोड्या आधी ठरवाव्या लागतात, त्यामुळे ऐनवेळी आलेल्यांना नुसतं ऐकत बसावं लागेल.