बाबांच्या सुतात गाड्यांची मापं

कोलंबस, ओहायो
६ ऑक्टोबर

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, इकडे येताना खेळण्यातल्या गाड्यांसाठी पांगाऱ्याचे चार तुकडे बॅगेत टाकू का, असं फोनवर विचारलंत. नका टाकू. कच्चं लाकूड विमानतळावर तपासणीत अडकतं. शिवाय पांगारा सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी आंब्या-फणसांना उत्तम, पण फिरत्या चाकांना फार मऊ. आस, म्हणजे चाकं जोडणारी दांडी, फिरून फिरून भोक मोठं होतं आणि गाडी डुगडुगायला लागते.

नाताळात गरजू मुलांना द्यायच्या या गाड्यांना आम्ही इथलं पाइनचं लाकूड वापरतो. दुकानात त्याला ‘दोन बाय चार’ म्हणतात, भरतं मात्र दीड बाय साडेतीन इंच. ८ फुटी फळीतून ५ इंची १८ तुकडे निघायला हवेत. गाठी टाळल्या की १४ हाती लागतात. यंदा ६० गाड्या करायच्यात, म्हणजे ५ फळ्या. हिरवट झाक असलेली फळी स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही, कीड लागू नये म्हणून त्यात तांब्याची रसायनं मुरवलेली असतात.

आता मापं, तुमच्या सुतात (८ सूत म्हणजे १ इंच). गाडी ५ इंच लांब, अडीच इंच उंच, दीड इंच रुंद. चाकं मेपलच्या कठीण लाकडाची, तयार घेतलेली: व्यास दीड इंच, जाडी ४ सूत, मधलं भोक २ सूत. घरी होल-सॉने (गोल करवतीने) चाकं निघतात, पण कडा इतक्या खरबरीत येतात की २४० चाकं घासण्यात महिना जाईल. आसाची भोकं तळापासून ४ सूत वर आणि पुढच्या-मागच्या टोकापासून १ इंच आत. तळाच्या याहून जवळ गेलात तर खालची पट्टी चिरते.

भोकं आधी, आकार नंतर. ठोकळा चौकोनी असेपर्यंत ड्रिल प्रेसच्या (भोकं पाडायच्या उभ्या यंत्राच्या) पट्टीला नीट टेकतो. दोन भोकं समांतर नसली तर गाडी सरळ जायचं सोडून गोल फिरते. एक भोक एका बाजूला जरा वर गेलं की तीनच चाकं जमिनीला लागतात. ठोकळ्याखाली रद्दी फळी ठेवायची, नाहीतर खालच्या बाजूला ढलपी उडते.

सगळ्यात जास्त भांडण आसावरून होतं. बहुतेक लोक टोपीवाली लाकडी खुंटी प्रत्येक चाकातून गाडीत ठोकतात. दिसायला छान, पण खुंटी निघाली तर ती पोराच्या घशात. ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी इथे एक नळी ठरवून दिलेली आहे: व्यास सव्वा इंच, तळ तिरका, एका बाजूला १ इंच खोल, दुसऱ्या बाजूला सव्वादोन. खेळण्यातून सुटणारा कुठलाही तुकडा त्यात पूर्ण मावला की ते खेळणं बाद. खुंटी आरामात मावते. म्हणून मी खुंटीच्या विरोधात आहे. आम्ही २ सुती गोल दांडी गाडीतून आरपार घालतो आणि दोन्ही टोकांना चाकं चिकटवतो. दांडी २ इंच ५ सूत, म्हणजे गाडी दीड इंच, दोन चाकांचा मिळून १ इंच आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सूत मोकळीक. ही दांडी त्या नळीत तिरकी घातली तरी वर डोकावते, आणि दीड इंची चाक आत जातच नाही. गाडीतलं भोक अडीच सूत, म्हणजे आस मोकळी फिरते. ३ फुटी दांडीतून १३ आस निघतात. १२० हवेत, म्हणून १० दांड्या.

दांडी चाकात दाबून बसली पाहिजे. सैल असली तर गोंद फट भरून काढत नाही, वाळल्यावर सुटतो. घेतानाच एक चाक खिशात ठेवायचं आणि दुकानातच घालून बघायचं. एकाच गठ्ठ्यात जाड-बारीक दांड्या असतात. गोंद दांडीला नाही, चाकाच्या भोकात लावायचा, तोही बाहेरच्या अर्ध्या भागात, टूथपिकने. दांडीला लावलात तर चाक बसताना तो आत ढकलला जातो आणि चाक गाडीलाच चिकटतं. चाक आणि गाडीच्या मध्ये मेणकागदात गुंडाळलेलं पत्त्यातलं पान सरकवायचं, चाक ठोकायचं, पान ओढून घ्यायचं. पान सहज निघालं नाही तर चाक जाम, आणि गोंद ओला असेपर्यंतच ते सुटेल.

आई, आता तुझं काम. घासायला पॉलिश पेपर ८०, मग १२०, मग २२०. त्यानंतर ओलं फडकं फिरवायचं, लाकडाचे तंतू उभे राहतात. वाळले की २२० चा एक हलका हात. हे टाळलं तर पोरांच्या लाळेने तेच होतं. मग जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा सगळीकडून फिरव. जिथे अडकेल तिथे कुसळ आहे, बोटाला लागत नसली तरी.

तेल चाकं चिकटवल्यावरच. तेलकट लाकडाला गोंद धरत नाही. औषधाच्या दुकानातलं मिनरल ऑइल ४ भाग, मधमाशीचं मेण १ भाग, पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवायचं. खोबरेल खवट होतं, आणि शेंगदाण्याची इथे पुष्कळ मुलांना ॲलर्जी असते. बाबा, बॅटला लावतात ते जवसाचं तेलही नको. दुकानातल्या उकळलेल्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, आणि तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेतात. तुमचा ऑइल पेंटचा डबाही राहू दे. खेळण्याच्या रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग आहे, जुन्या डब्यात किती ते कोण सांगणार?

तयार गाडी साडेचार फुटांवरून १० वेळा फरशीवर टाकायची आणि प्रत्येक चाक पिळून ओढायचं. चिरली, सुटली तर शेकोटीत.

गाड्या ‘टॉईज फॉर टॉट्स’ला जातात. गरजू मुलांना नाताळची खेळणी वाटायचं, अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाच्या राखीव दलाचं हे काम १९४७ पासून, लॉस एंजेलिसहून सुरू झालेलं. खेळणी नवी हवीत आणि गुंडाळलेली नकोत, कारण वयाप्रमाणे वाटणी करायची असते. त्यामुळे आई, चमकी कागद आणू नकोस. हाताने बनवलेली खेळणी घेतात का, हे आपल्या भागातल्या केंद्राला आधी विचारावं लागतं. मी विचारलंय, हो म्हणालेत. गाड्या नोव्हेंबरअखेर पोचवायच्या.

बाबा, तुमची अर्धगोल कानस आणि बारीक पटाशी आणा. इथल्या पटाशीला तुमच्यासारखी धार लागत नाही. पण केबिनच्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत, टोकाला जाड फडकं बांधून.

तुमची,
मनू